तहान लागते ती पाणी कमी झालं म्हणून नाही

खारट काहीतरी दाबून खाल्लं की घशाला कोरड पडते, पण शरीरातलं पाणी तर एक थेंबही कमी झालेलं नसतं, मग तहान कसली? तर गंमत अशी की मेंदू मुख्यतः पाणी किती आहे हे बघतच नाही, रक्त किती खारट झालंय ते बघतो. (बरंच रक्त गेलं किंवा ब्लडप्रेशर खाली आलं तर त्याची वेगळी यंत्रणा आहे, पण रोजचा कारभार खारटपणावरच चालतो.)

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, तिथल्या काही पेशींमधलं पाणी रक्त खारट झालं की बाहेर ओढलं जातं आणि त्या आकसतात, बस, हाच सिग्नल. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना कळतो. मग एकीकडे तहान लागते आणि दुसरीकडे पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचं हार्मोन रक्तात सुटतं ते थेट किडनीला कामाला लावतं.

किडनी दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळते आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं परत आत घेतलं जातं! यातलं बरंचसं आपोआप होतं पण शेवटच्या नळ्यांमध्ये किती पाणी परत घ्यायचं ते एडीएच ठरवतं. तिथल्या पेशींच्या आत अ‍ॅक्वापोरिन नावाची पाण्याची बारीक दारं गुंडाळून ठेवलेली असतात, एडीएच आलं की ती वर येऊन नळीच्या बाजूला बसतात, पाणी आत येतं आणि लघवी गडद होते. सकाळची पहिली लघवी बघा, रात्रभर हेच चाललेलं असतं. ही दारं शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

दारू एडीएचला दाबते, म्हणून पिणारा सारखा बाथरूमला पळतो आणि सकाळी तोंड कोरडं घेऊन उठतो.

पाणी प्यायल्यावर ते पुरेसं रक्तात जायला काही मिनिटं तरी जातातच, पण तहान दोन-चार घोटांतच शमते. तोंड, घसा आणि पोट मेंदूला आधीच कळवतात की येतंय पाणी, आता थांब. म्हणजे मेंदू चक्क अंदाजावर आपल्याला थांबवतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

मॅरेथॉनमध्ये मात्र काही लोक हा अंदाज धुडकावून पाणी कमी पडेल या भीतीपोटी पीत राहतात, त्यात पळण्याच्या ताणामुळे एडीएच चालूच असतं त्यामुळे जादा पाणी बाहेर पडत नाही, रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली घसरतं, पाणी आत शिरून पेशी फुगतात, आणि मेंदूला कवटीत फुगायला जागाच नसते.