हँडगार्ड (रायफल)

रायफलच्या नळीभोवतीचा किंवा नळीखालचा, आधाराचा हात जिथे टेकतो तो भाग म्हणजे हँडगार्ड. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याचा डावा हात इथे येतो. लाकडी दस्ताच पुढे वाढवून हा भाग घडवला असेल तर त्याला फोरएंड म्हणतात. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर नेमबाजांच्या तोंडी फोरएंड हा शब्द असतो, लष्करी रायफलींबाबत हँडगार्ड. तापलेल्या नळीपासून हात वाचवणे, हाताला दरवेळी तीच जागा मिळवून देणे आणि रायफलचा तोल सांभाळणे ही त्याची कामे. यांतल्या तोलाकडे निवडीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दिसणे आणि लांबी यांवरच नजर जाते.

जुन्या तोड्याच्या (जळत्या वातीने दारू पेटवायच्या) बंदुकीत नळी लांबसडक लाकडावर ठेवून पट्ट्यांनी आवळलेली असे. ली-एनफिल्ड .३०३ मध्ये लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत जाई आणि नळीच्या वरूनही लाकडी आच्छादन असे, कारण भराभर गोळ्या झाडल्यावर नळीला हात लावणे अशक्य होई. पुढे लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली. पुण्यात पाषाणला असलेल्या आयुध संशोधन व विकास संस्थेने (एआरडीई) घडवलेल्या ५.५६ मिमी इन्सास रायफलीचा हँडगार्डही प्लास्टिकचा आहे. अलीकडच्या लष्करी रायफलींवर ॲल्युमिनियमचे हँडगार्ड दिसतात. त्यांवर दुर्बीण, दिवा, पुढची मूठ अडकवायला पिकाटिनी रेल (दातेरी पट्टी) किंवा एम-लॉकच्या (साधने थेट अडकवायच्या पद्धतीच्या) खाचा असतात. खाच आहे म्हणून काहीतरी अडकवले की तेवढे वजन नळीच्या टोकाकडे जाते, आणि तासाभराने खांदा ते सांगतो. अशा स्वयंचलित रायफली भारतात सर्वसामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत. त्यामुळे पुणेकराचा या विषयाशी खरा संबंध येतो तो १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२ रायफल या खेळांतून.

तोल म्हणजे नुसते वजन नव्हे, वजन कुठे आहे हे. १०० ग्रॅमचे वजन हातापासून १५ सेंमीवर होते, ते ३० सेंमीवर सरकवले, तर नळी खाली ओढणारा जोर दुप्पट होतो. रायफल हलवायला होणारा विरोध मात्र त्या वजनापुरता चौपट होतो. म्हणूनच टोकाकडे थोडे वजन असलेली रायफल हाताची बारीक थरथर गिळून टाकते. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, तेव्हा हा फायदा लहान नाही. पण ६० फैरी ७५ मिनिटांत मारायच्या असतात. पहिल्या दहा फैरींत स्थिर वाटलेले वजन चाळिसाव्या फैरीला कंबरेत उतरते. शिवाय एअर रायफलला साडेपाच किलोंची कमाल मर्यादा आहे. पुढे टाकलेले वजन कुठून तरी कमी करावे लागते.

तोलबिंदू शोधायची रीत सोपी आहे. नळीत छर्रा नाही याची खात्री करायची, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) घालायचा, सगळी साधने जागच्या जागी बसवायची आणि रायफल दोन बोटांवर आडवी धरून बोटे पुढेमागे सरकवत न्यायची. रायफल जिथे आडवी राहते तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मग डोळे मिटून स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने नेम धरायच्या स्थितीत, उभे राहायचे आणि डावा हात आपोआप कुठे येतो ते बघायचे. हात आणि चिकटपट्टी यांत फार अंतर असेल तर वजने किंवा दस्त्याची लांबी बदलावी. हात ओढूनताणून पुढे नेणे हा उपाय नव्हे. नवे नेमबाज नेमके तेच करतात, आणि मग खांदा आखडला की दोष रायफलला देतात. हाताची जागा आधी, बाकीचे सगळे नंतर, असा क्रम ठेवला तर पैसे वाचतात.

स्टँडिंगमध्ये स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) वापरता येत नाही. डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकते आणि हात चापाच्या जवळ मागे येतो. त्यामुळे लांब फोरएंडचा इथे काही उपयोग नाही. महत्त्वाची असते ती त्याची खोली, म्हणजे हातापासून नळीपर्यंतची उंची. ज्याचा हात आखूड आणि मान उंच, त्याला खोल फोरएंड किंवा खाली जोडायचा ठोकळा लागतो, नाहीतर साइटमधून (नेम धरायच्या भिंगा-छिद्रातून) बघायला मान वाकवावी लागते. नियमांत या खोलीलाही मर्यादा आहे. हाताचा आकार ज्याचा त्याचा: कोणी मूठ करून रायफल बोटांच्या सांध्यांवर ठेवतो, कोणी तळव्यावर. पकड हा शब्द इथे थोडा फसवा आहे. डावा हात रायफल धरत नाही, रायफल त्याच्यावर टेकलेली असते. बोटे आवळली की हृदयाचा ठोका नळीपर्यंत पोचतो.

प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून नेम धरताना, चित्र उलटे. दंडावरून येणारी स्लिंग हात पुढच्या हँडस्टॉपवर (हात पुढे सरकू नये म्हणून फोरएंडखाली बसवलेल्या अडणीवर) दाबून धरते, म्हणून फोरएंड पुरेसा लांब आणि त्याखालची पट्टी सरळ हवी. डाव्या हाताच्या कोपरापुढच्या भागाचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. स्लिंगचा ताण इतका असतो की फोरएंड नळीला कुठेही टेकत असेल तर गोळी जागा बदलते. यासाठी नळी मोकळी ठेवलेली असते. ती फक्त मागे, ॲक्शनपाशी (गोळी भरायच्या यंत्रणेपाशी) पकडलेली असते. खात्री करायला कागदाची पट्टी नळी आणि फोरएंडच्या मधून सरकवून बघतात. लाकडी दस्ता असेल तर ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा करावी. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते आणि मे महिन्यात सहज फिरलेला कागद अडकतो. ॲल्युमिनियमला हा त्रास नाही. स्पर्धेच्या रायफलींत ते रुळले त्याचे हे एक कारण, दुसरे म्हणजे त्यातला फोरएंड वरखाली, पुढेमागे आणि तिरका करता येतो.

नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग अशा तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत हा भाग खेळाच्या मध्येच बदलावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पुण्यात सराव करून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली होती. तीन स्थितींच्या नेमबाजाच्या पेटीत ॲलन की आणि एक छोटी वही असते. फोरएंडखालच्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात, आणि वहीत हँडस्टॉपचे आकडे लिहिलेले: नीलिंगचा वेगळा, प्रोनचा वेगळा, आणि स्टँडिंगपुढे ‘काढला’.