कारखान्याच्या फाटकापासून इमारतीच्या गच्चीपर्यंत : एसीच्या गॅसवरील भारतीय कायद्याची पार्श्वभूमी

एखादे रुग्णालय, बँकेचे कार्यालय किंवा मोठी व्यापारी इमारत सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाने ‘आमच्या एसीतल्या गॅसला नेमका कोणता कायदा लागू होतो?’ असे विचारले, तर त्याला एका नावात उत्तर देता येत नाही. ओझोनसंबंधीचे पर्यावरण नियम, सिलिंडरचे नियम, बांधकाम संहिता आणि ई-कचऱ्याचे नियम अशा किमान चार ठिकाणी ते उत्तर विखुरलेले आहे. या चारही गोष्टी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी जन्माला आल्या. त्यांतली सर्वांत महत्त्वाची, म्हणजे ओझोनची नियमावली, कारखान्याच्या फाटकावर उभी राहून लिहिली गेली आणि इमारतीपर्यंत ती पुष्कळ उशिरा आणि आडवळणाने पोहोचली. हा क्रम लक्षात न घेतल्यामुळेच, माझ्या मते, अनेक ठिकाणी दोन टोकांचे गैरसमज दिसतात. काहींना वाटते की कायदा फक्त गॅस तयार करणाऱ्यांसाठी आहे, आणि काहींना वाटते की देखभालीचे वार्षिक कंत्राट दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली.

१९३० पूर्वी शीतकरणासाठी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरले जात. हे वायू विषारी होते, काही ज्वलनशीलही होते, आणि गळती झाली तर माणसे दगावत. थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, ही संयुगे शीतक म्हणून पुढे आणली तेव्हा ती वरदानच वाटली, कारण ती जळत नव्हती आणि श्वासातून गेली तरी सहसा अपाय करत नव्हती. मोठ्या सेंट्रिफ्यूगल चिलरमध्ये (इमारतीच्या वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रात) आर-११, लहानमोठ्या यंत्रांत आर-१२ आणि पुढे खिडकीतल्या एसीपासून डक्टच्या यंत्रांपर्यंत सर्वत्र आर-२२ असा क्रम लागला. गॅस निरुपद्रवी मानला गेल्यामुळे गळतीकडे सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहणे मागे पडले. गॅस कमी झाला की भरायचा, ही सवय त्याच काळातली आहे.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले की ही स्थिर संयुगे वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचल्यावर फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील हॅली तळावरच्या नोंदींवरून तिथला ओझोन दर वसंत ऋतूत किती घटतो आहे ते जाहीर केले. त्याच वर्षी व्हिएन्ना करार झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी, ओझोनचा नाश करणाऱ्या पदार्थांचा वापर घटवण्याच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या.

भारत लगेच त्यात सामील झाला नाही, आणि त्यामागे ठोस भूमिका होती. ओझोनचा ऱ्हास घडवणारा बहुतेक वापर श्रीमंत देशांचा, मग पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च गरीब देशांनी का सोसावा, हा तो प्रश्न होता. जून १९९० मधील लंडन परिषदेत तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी हा मुद्दा लावून धरला, चीननेही साथ दिली, आणि विकसनशील देशांचा वाढीव खर्च भागवण्यासाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर आणि भारत व चीन आल्यास २४ कोटी डॉलर अशी त्याची रचना होती. त्यानंतर १९९२ मध्ये भारताने माँट्रियल करार स्वीकारला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात ओझोन कक्ष स्थापन झाला.

इथे करारातील एका सूत्राकडे लक्ष दिले पाहिजे, कारण पुढची सगळी नियमावली त्यावर उभी आहे. देशाचा ‘वापर’ मोजताना करार उत्पादनात आयात मिळवतो आणि निर्यात वजा करतो. कोणत्या इमारतीच्या गच्चीवर किती गॅस उडून गेला, याची मोजणी त्यात येत नाही, कारण तो गॅस कारखान्यातून किंवा बंदरातून बाहेर पडतानाच हिशेबात धरलेला असतो. सरकारला आंतरराष्ट्रीय बांधिलकी पाळण्यासाठी उत्पादक आणि आयातदार एवढ्यांवर नजर ठेवली तरी पुरते. त्यामुळे इमारतीची देखभाल कायद्याच्या मुख्य चौकटीबाहेर राहिली.

ही बांधिलकी देशांतर्गत कायद्यात उतरवण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हाताशी होता. त्याखाली १९ जुलै २००० रोजी ओझोन क्षयकारी पदार्थांचे नियमन व नियंत्रण करणारे नियम अधिसूचित झाले. उत्पादकांचा कोटा, आयात-निर्यातीचा परवाना, विक्रेत्यांची नोंदणी, वापरलेला गॅस शुद्ध करणाऱ्या आणि नष्ट करणाऱ्या केंद्रांची नोंदणी, तसेच नोंदी ठेवण्याची सक्ती अशी त्यांची मांडणी आहे. नव्या यंत्रांच्या निर्मितीत सीएफसी वापरण्यास १ जानेवारी २००३ पासून बंदी आली. दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडता भारताने सीएफसीचे उत्पादन ऑगस्ट २००८ मध्येच, म्हणजे २०१० च्या मुदतीच्या सतरा महिने आधी, थांबवले. मुदतीआधी काम पुरे करण्याचे हे उदाहरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, ते सांगायला हवे.

उत्पादन थांबले तरी हॉटेले, गिरण्या आणि कार्यालयांच्या तळघरांत आर-११ व आर-१२ चे जुने चिलर चालूच होते. ते बदलून कमी वीज खाणारे, सीएफसीविरहित चिलर बसवावेत यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने एक योजना राबवली गेली आणि तिची अंमलबजावणी मुंबईच्या आयडीबीआय बँकेकडे होती. या टप्प्यात काही मालकांनी आर-१२३ चे चिलर घेतले. आर-१२३ हा हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचसीएफसी, गटातला वायू. त्याची ओझोनला होणारी हानी फारच कमी असली तरी शून्य नव्हती, आणि पुढच्या टप्प्यात तोही वेळापत्रकात आला. एका गॅसमधून सुटका म्हणून घेतलेले यंत्र आयुष्य संपण्याआधीच दुसऱ्या बंधनात सापडले. या विषयाच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे.

तो पुढचा टप्पा २००७ चा. माँट्रियल कराराच्या विसाव्या वर्षी सदस्य देशांनी एचसीएफसी लवकर संपवण्याचे ठरवले. विकसनशील देशांसाठी २००९ आणि २०१० ची सरासरी पायाभूत धरून २०१३ मध्ये गोठवणूक, म्हणजे वापर त्यापुढे वाढू न देणे, २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के, २०२५ मध्ये ६७.५ टक्के आणि २०३० मध्ये पूर्ण कपात, असे टप्पे आहेत. अपवाद एवढाच की २०३० ते २०४० या काळात चालू यंत्रांच्या देखभालीसाठी वर्षाला सरासरी २.५ टक्के वापराची मुभा राहील. भारताने २०१४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून हे वेळापत्रक आणले आणि १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या निर्मितीत एचसीएफसीचा वापर बंद झाला.

बंदी निर्मितीवर आहे, चालू यंत्रावर नाही, हा भेद इमारतीच्या दृष्टीने कळीचा आहे. आर-२२ हाही एचसीएफसीच, पण दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेले आर-२२ चे डक्टेबल यंत्र चालवणे बेकायदा नाही आणि त्यात गॅस भरणेही बेकायदा नाही. मात्र पुरवठा आटत जातो तसा गच्चीवरच्या तंत्रज्ञावर दबाव येतो. गळती शोधायची तर आधी उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो, मग नायट्रोजनच्या दाबावर साबणाच्या फेसाने सांधे तपासायचे, ब्रेझिंग करायचे, म्हणजे गळका सांधा धातू वितळवून बंद करायचा, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि वजन करून गॅस भरायचा. या कामात दिवस जातो. त्याऐवजी गेज लावून ‘थोडा गॅस मारणे’ हे पाऊण तासाचे काम असते. त्यातच आर-२२ च्या यंत्रात दुसराच गॅस भरून देण्याचा सल्ला मिळू लागतो. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे तो जुन्या कॉम्प्रेसरला आणि कॉइलला चालतच नाही. आर-४०७सी ला वेगळे तेल लागते आणि तो मिश्रण असल्याने गळतीनंतर त्याचे प्रमाण बदलते, म्हणून वरचेवर टॉप-अप करत राहणे योग्य ठरत नाही. हायड्रोकार्बन, म्हणजे प्रोपेनसारखा वायू, तर ज्वलनशील, आणि ज्या यंत्राची विजेची जोडणी त्यासाठी केलेली नाही त्यात तो भरणे हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

दरम्यान ओझोनला अपाय न करणारे हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचएफसी, बाजारात स्थिरावले होते. चिलरमध्ये आर-१३४ए आणि व्हीआरएफ प्रणालीत, म्हणजे बाहेरच्या एका यंत्रातून पाइपांनी गॅस नेऊन अनेक खोल्या थंड करणाऱ्या प्रणालीत, आर-४१०ए आले. पण ते तीव्र हरितगृह वायू निघाले. शंभर वर्षांच्या मोजणीत एक किलो आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी धरली जाते, म्हणजे एखाद्या व्हीआरएफमधला २० किलो गॅस उडाला तर जवळजवळ ४२ टनांचा भार वातावरणावर पडतो. हे वायू माँट्रियल करारात आणण्याला भारताचा बरीच वर्षे विरोध होता. ते ओझोनचा नाश करत नाहीत, म्हणून त्यांचा विचार हवामान करारातच व्हावा, अशी ती भूमिका होती आणि कायद्याच्या अंगाने ती पोकळ नव्हती. एप्रिल २०१५ मध्ये, प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना, भारताने स्वतःच दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला तेव्हा ही कोंडी फुटली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे दुरुस्ती संमत झाली. तिथे भारताचे नेतृत्व अनिल माधव दवे यांनी केले आणि उष्ण हवामान व वाढती गरज लक्षात घेऊन भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांना उशिराचे वेळापत्रक मिळाले. त्यानुसार २०२४ ते २०२६ ही पायाभूत वर्षे, २०२८ मध्ये गोठवणूक आणि मग २०३२ मध्ये १०, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० व २०४७ मध्ये ८५ टक्के कपात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये अनुसमर्थनाला मंजुरी दिली. त्याआधी, मार्च २०१९ मध्ये, भारत शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला होता. २०३७-३८ पर्यंत शीतक वायूंची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करणे आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणित करणे ही त्यातली उद्दिष्टे इमारतींशी थेट निगडित आहेत.

कमी तापमानवाढीच्या वायूंकडे वळताना सुरक्षेचा जुना प्रश्न परत आला. आर-३२ ची तापमानवाढीची क्षमता ६७५, प्रोपेनची, म्हणजे आर-२९० ची, जेमतेम ३. पण आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन पूर्ण ज्वलनशील. प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने जर्मन सहकार्याने तयार केले. ते शक्य झाले याचे एक कारण म्हणजे प्रत्येक यंत्रातला गॅस काहीशे ग्रॅमच ठेवला होता. मोठ्या इमारतीत हे गणित बदलते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत गळती झाल्यास खोलीत साचू शकणाऱ्या गॅसला आर-४१०ए साठी प्रति घनमीटर सुमारे ०.४४ किलो ही मर्यादा आहे, आणि अतिरिक्त उपाय नसतील तर आर-३२ साठी ०.०६१ किलो. २० किलो गॅस असलेल्या एका प्रणालीची पाइपलाइन ज्या सर्वांत लहान खोलीतून जाते तिचे आकारमान पहिल्या गॅससाठी साधारण ४५ घनमीटर पुरते, तर दुसऱ्यासाठी ३२८ घनमीटर लागते. तीन मीटर उंचीच्या छताखाली ४५ घनमीटर म्हणजे १५ चौरस मीटरची एक केबिन. गॅस बदलला की खोलीचा आराखडा, वायुवीजन आणि गळतीचे संवेदक या सगळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो तो यासाठी.

या बाजूचे नियम ओझोन कक्षाकडे नाहीत. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या आठव्या भागात वातानुकूलनाचे प्रकरण आहे. ही संहिता मुळात मार्गदर्शक असली तरी राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत वातानुकूलनाचे आराखडे व उभारणी तिच्यानुसार करावी असे म्हटले असल्याने महाराष्ट्रात तिला बळ मिळते. सिलिंडरची साठवण आणि भरणा यांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. ज्वलनशील गॅसचे सिलिंडर तळघरात विजेच्या पॅनेलशेजारी ठेवण्याची सवय असेल, तर ती पर्यावरण नियमांच्या कक्षेत येत नसली तरी या नियमांच्या कक्षेत येते.

यंत्र मोडीत काढतानाचा हिशेब सर्वांत शेवटी आला. २०११ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत एसी होते, पण केंद्रीय वातानुकूलन संयंत्रे स्पष्टपणे वगळलेली होती. म्हणजे खिडकीतला एसी कायद्यात आणि तळघरातला चिलर कायद्याबाहेर, अशी विसंगती होती. पुढे २०२२ चे नियम आले आणि २०२३ मधील दुरुस्तीने, आयुष्य संपलेल्या यंत्रांतील शीतक वायूचे सुरक्षित व उत्तरदायी व्यवस्थापन आणि तो नष्ट करणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्हावे, अशी तरतूद केली. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये गॅस भरलेल्या एसींची आयात बंद झाली होती. दंडाची बाजूही बदलली. पर्यावरण अधिनियमातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेच्या जागी जन विश्वास अधिनियम, २०२३ ने दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

युरोपीय संघात यंत्रातल्या गॅसचा भार कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात पाच टनांच्या वर गेला की ठरावीक काळाने गळतीची तपासणी आणि तिची नोंद यंत्रचालकाला बंधनकारक असते. आपल्या २००० च्या नियमांत इमारतमालकावर असे नेमके बंधन नाही, आणि मला ही आजच्या चौकटीतली सर्वांत मोठी उणीव वाटते. तोवर कोणत्या यंत्रात कोणता गॅस किती किलो आहे, कधी किती भरला, किती परत काढला आणि तो कोणाकडे दिला याची वही इमारतीने देखभाल कंत्राटाच्या अटींतूनच सुरू करून घ्यावी लागते. चिलरचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते. २०२६ मध्ये बसवलेला एचएफसीचा चिलर २०२८ ची गोठवणूक पाहील, २०३२ आणि २०३७ च्या कपाती पाहील, आणि त्याचा गॅस मिळणे कठीण होऊ लागेल तेव्हा त्याची बरीच वर्षे शिल्लक असतील.