रात्री आळलेलं पुडिंग सकाळी पातळ का होतं?

गोव्यातल्या स्वयंपाकघरांना कॅरामेल पुडिंग नवं नाही. डब्याच्या तळाशी साखर जाळायची, वर अंडी आणि दुधाचं मिश्रण ओतायचं आणि वाफेवर हळूहळू शिजवायचं. या एका पदार्थाने कित्येक हातांना एक नियम पक्का शिकवला आहे: अंडं घातलेलं दूध उकळू द्यायचं नाही. उकळलं की पुडिंगला जाळी पडते, पाणी सुटतं, चव अंड्याच्या भुर्जीकडे झुकते. नियम अगदी बरोबर आहे. पण तोच नियम बटरस्कॉच पुडिंगला लावला की ते हमखास बिघडू शकतं.

बिघडण्याची तऱ्हाही ठरलेली. वाट्यांत ओतताना मिश्रण छान दाट असतं, डावावरून जाड धार पडते. सकाळी फ्रीज उघडून पाहावं तर ताकासारखं पातळ. मग दोष कॉर्नफ्लोअरच्या पाकिटाला जातो, दुधाला जातो, फ्रीजला जातो. खरा गुन्हेगार अंड्याच्या पिवळ्या बलकात बसलेला असतो.

आधी बटरस्कॉच म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे हे नाव पिवळ्या आइस्क्रीमशी आणि त्यातल्या कुरकुरीत कणांशी इतकं जोडलं गेलं आहे, की व्हॅनिलासारखंच हेही एखादं वेगळं द्रव्य असावं असं अनेकांना वाटतं. इसेन्सची बाटली मिळतेच, त्यामुळे समज आणखी घट्ट होतो. स्कॉच व्हिस्कीशीही त्याचं काही नातं नाही. बटर आणि तपकिरी साखर एकत्र शिजवल्यावर जी चव येते, ती बटरस्कॉच. कॅरामेलसाठी नुसती साखर १६० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊन तिचे रेणू मोडतात. बटरस्कॉचचा पाक त्याच्या बराच आधी थांबतो. त्याची चव तीन ठिकाणांहून येते: साखरेतली मळी, बटरमधले खरपूस झालेले दुधाचे कण आणि साखर-प्रथिनांची मायार अभिक्रिया. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाकरीचा डाग आणि भाजलेल्या कांद्याचा रंग याच अभिक्रियेतून येतात.

सहा वाट्यांसाठी प्रमाण असं: फुल क्रीम दूध ६०० मिलिलिटर, गडद तपकिरी साखर १२० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, तीन अंड्यांचे बलक, पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. बाजारात 'ब्राऊन शुगर' म्हणून मिळणारे कोरडे, खडबडीत दाणे बहुधा डेमेरारा नावाच्या साखरेचे असतात. त्यात मळी कमी असते, म्हणून चव फिकी पडते. त्यापेक्षा साध्या साखरेत मोठा चमचाभर काकवी कालवलेली बरी.

जाड बुडाच्या पातेल्यात ४५ ग्रॅम बटर वितळवा. ते तडतडेल, फेस येईल. हा आवाज बटरमधल्या पाण्याचा. तो थांबला की पाणी संपलं, आणि तळाशी बसलेले दुधाचे कण बदामी होऊ लागतात. भाजलेल्या काजूसारखा वास येताच साखर, मीठ आणि दोन मोठे चमचे पाणी घाला. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं. सुरुवातीचे बारीक, पाणचट बुडबुडे हळूहळू मोठे आणि जडसर होतात, लाव्हासारखे सावकाश फुटतात. इथे ५०० मिलिलिटर गरम दूध थोडं थोडं ओता. मिश्रण उसळी मारेल, म्हणून पातेलं खोल हवं. दूध गार असेल तर पाकाचा गोळा होतो. घाबरू नका, मंद आचेवर तो विरघळतो.

साखरेऐवजी माडाचा गूळ वापरायचा मोह गोव्यात होणारच, आणि तो रास्तही आहे. सुरेपासून, म्हणजे माडाच्या गोड रसापासून केलेला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काळपट गोळ्यांनी मांडलेला हा गूळ चवीला तपकिरी साखरेच्या कितीतरी पुढे आहे. अडचण एकच: गुळाने गरम दूध नासतं. दुधातलं केसिन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं, कणांवरच्या ऋण विद्युत् भारामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. आम्लाने तो भार उतरतो आणि कण एकमेकांना चिकटतात. दूध जितकं गरम, तितकं कमी आम्ल पुरतं. गुळात आम्ल असतंच. दूध नासलं की कुणाची नजर लागली, पाळीतल्या बाईचा हात लागला असं अजूनही काही घरांत बोललं जातं, आणि त्यापायी बायकांना चुलीपासून दूर बसवलं जातं. हे अज्ञान आहे आणि अन्यायही. नासलेल्या दुधात आम्ल आहे, विटाळ नाही. गूळ तीन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या, बटरमध्ये शिजवा आणि दूध ओतण्याआधी त्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका. पाक फसफसेल, रंग गडद होईल. आम्ल निवलं. नारळाच्या रसात केसिन नसतंच, म्हणून मणगणं आणि दोदोल हे गोव्यातले गोड पदार्थ गुळाबरोबर सुखाने शिजतात. आणि हो, गूळ घातला म्हणून पुडिंग 'हेल्दी' होत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते.

आता मुख्य गोष्ट, पिष्ट, म्हणजे स्टार्च.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्याचे दाणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. प्रत्येक दाण्यात ग्लुकोजच्या साखळ्या घट्ट गुंडाळून ठेवलेल्या: साधारण पाव भाग सरळ साखळ्यांचं अमायलोज, बाकी फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. गार दुधात दाणे नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान ते पाणी पिऊन फुगू लागतात. तापमान ९५च्या जवळ पोचेपर्यंत फुगून इतके मोठे होतात की एकमेकांना घासल्याशिवाय त्यांना हलता येत नाही. यालाच आपण दाटपणा म्हणतो. त्याच वेळी काही अमायलोज दाण्यांबाहेर झिरपतं. पुडिंग गार होताना या सुट्या साखळ्या एकमेकींना धरून जाळं विणतात आणि पाणी त्यात अडकतं. म्हणून वाट्यांत ओतल्यानंतर पुडिंग ढवळायचं नाही. तुटलेलं जाळं पुन्हा तसं विणलं जात नाही.

आता बलक. त्यात अल्फा-अमायलेज नावाचं विकर, म्हणजे पिष्टाच्या साखळ्या तोडणारं एन्झाइम असतं. शाळेत लाळेतलं टायलिन शिकलो होतो, ते याच कुळातलं. १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून पिष्ट मोडणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'डायस्टेस' म्हटलं. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर मानलं जातं. अल्फा-अमायलेज साखळीचं टोक कुरतडत बसत नाही, ते मधेच कुठेही कापतं, आणि सगळी गंमत इथेच आहे. समजा एका साखळीत हजार ग्लुकोज जोडलेले आहेत, म्हणजे ९९९ जोड. विकराने त्यातला मधला एकच तोडला. रासायनिक हिशेबाने हजारात एक जोड गेला, पिष्ट जवळपास सगळं शाबूत, गोडी कणभरही वाढलेली नाही. पण साखळीची लांबी निम्मी झाली, आणि दाटपणा लांबीवर उभा असतो. लांब दोरांचा गुंता हलत नाही, तेच दोर कापून तुकडे केले की सहज ओतता येतात. म्हणूनच थोडंसं विकरही पुरतं. त्यात अल्फा-अमायलेजला आपली घडी टिकवायला कॅल्शियम लागतं, ते दुधात भरपूर. साखर प्रथिनांना उष्णतेपासून काहीशी सांभाळते, तीही पातेल्यात आहेच. कडेला वाफ दिसली, मिश्रण दाटलं म्हणून घाईने गॅस बंद केला, तर काही विकर जिवंत राहू शकतं. पुढे पुडिंग ६० अंशांवरून सावकाश निवत असताना त्याला कापाकापीला निवांत वेळ मिळतो. गोव्याच्या उकाड्यात तर निवायला आणखीच वेळ लागतो.

म्हणून हे मिश्रण उकळायचं. मग बलक गुठळतील, ही भीती? कॅरामेल पुडिंगमध्ये ती खरी, कारण तिथे आळण्याचं सगळं काम अंड्याची प्रथिनं करतात. इथे फुगलेले दाणे आणि सुट्या साखळ्या प्रथिनांच्या वाटेत उभ्या असतात, त्यांना एकत्र येऊन घट्ट गोळा करू देत नाहीत. पिष्ट बलकाला वाचवतं, आणि बलकातलं विकर पिष्टाला मारतं. उकळीने हा दुसरा व्यवहार थांबतो, पहिला चालू राहतो.

करायचं असं: बाजूला ठेवलेल्या १०० मिलिलिटर गार दुधात कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालवा, मग बलक फेटून घाला. त्यात गरम बटरस्कॉच-दूध डावभर, पुन्हा डावभर असं ओतत ढवळा आणि सगळं पातेल्यात परत घाला. मध्यम आचेवर तळ खरवडत सतत हलवा. कडेचे बुडबुडे धरू नका. मधोमध जड 'भद्द' असा बुडबुडा फुटला की घड्याळ पाहा आणि पुढची दीड मिनिटं ढवळत राहा. त्याहून फार जास्त उकळून, जोरजोरात घोटूनही चालत नाही, फुगलेले दाणे फुटून दाटपणा उतरतो. मग गाळा, उरलेलं १५ ग्रॅम बटर आणि व्हॅनिला मिसळा, वाट्यांत ओता. वर साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा पातळ कागद पृष्ठभागाला चिकटवून लावा. फ्रीजमध्ये चार तास.

तरी बिघडलं तर वाटीकडे नीट पाहा. पुडिंग घट्ट आहे, फक्त कडेला स्वच्छ पाणी साचलं आहे, तर ते पिष्टाच्या जाळ्याने आवळून पिळलेलं पाणी. दोन-तीन दिवस ठेवल्याने किंवा फ्रीझरमध्ये गेल्याने असं होतं, विकराचा त्यात हात नाही. चव पिठूळ लागत असेल तर पिष्ट कच्चं राहिलं. सगळीच वाटी एकसारखी पातळ झाली असेल, तर विकर. बलक वगळून केलं तर हा प्रश्नच उरत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली, ती पत्नीला अंडी सोसत नव्हती म्हणून. कॉर्नफ्लोअरवर आळणारं ते कस्टर्ड या विकरापासून आपोआप सुटलं. बलक वगळायचे तर कॉर्नफ्लोअर ३८ ग्रॅम घ्या. चव मात्र थोडी उणी पडते.

पडताळा घरीच घेता येतो. पाण्यात शिजवलेलं कॉर्नफ्लोअर कोमट असताना दोन वाट्यांत घ्या. एकीत स्वच्छ चमचा फिरवा, दुसरीत तोंडात घोळवलेला. दुसरी वाटी काही मिनिटांत सैल पडू लागते. आयोडीनचा थेंब टाकला तर पहिलीत गडद निळा रंग येतो, कारण आयोडीन अमायलोजच्या मळसूत्रात जाऊन बसतं. दुसरीत साखळ्या तुटत जातात तसा रंग उतरत जातो.

अर्धी खाऊन फ्रीजमध्ये परत ठेवलेली वाटी दुसऱ्या दिवशी पातळ होते, तिचं कारणही हेच. तिथे विकर बलकातून नाही, आपल्या चमच्यावरून आलेलं असतं, आणि त्याला मारायला नंतर उकळी मिळत नाही. चाखायला दरवेळी नवा चमचा घ्या आणि उरणार असेल तेवढं पुडिंग खायला बसण्याआधीच दुसऱ्या वाटीत काढून ठेवा.