मनी प्लांट

मनी प्लांट ही ॲरेसी, म्हणजे सुरणाच्या कुलातील एक सदाहरित वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. रोपांच्या व्यापारात ती ‘पोथॉस’ म्हणूनही ओळखली जाते. अळू, सुरण, अँथुरियम आणि मॉन्स्टेरा या तिच्या कुलातील परिचित वनस्पती. सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढणारे गणेशकंद आणि आंजनवेल हेही याच कुलातले. मराठी घरांत खिडकीच्या गजांना गुंडाळलेली, ओट्याच्या कोपऱ्यात बाटलीत ठेवलेली किंवा जिन्यातल्या कुंडीतून खाली लोंबणारी ही वेल इतकी सरसकट दिसते की ती इथलीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचे मूळ स्थान प्रशांत महासागरात, ताहितीशेजारच्या मूरिया या एका लहान बेटावर आहे.

हे मूळ स्थान निश्चित व्हायला फार काळ लागला. लिंडेन आणि आंद्रे यांनी 1880 मध्ये या वेलीचे ‘पोथॉस ऑरियस’ या नावाने वर्णन केले. त्यानंतर बराच काळ ती सॉलोमन बेटांवरची मानली जात होती. वनस्पतीचे वर्गीकरण मुख्यतः फुलावरून होते आणि ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही, हे या गोंधळाचे मोठे कारण. 1962 मध्ये फूल पाहायला मिळाल्यावर तिला रॅफिडोफोरा प्रजातीत हलवण्यात आले आणि आणखी तपासणीनंतर 1964 मध्ये तिचे सध्याचे नाव रूढ झाले. न फुलण्याचे कोडे 2016 मध्ये सुटले. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यातल्या एका टप्प्याचे जनुक या वेलीत नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर वेलीला फुलोरा आला. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून जगभर पसरलेली ही वेल कांडीवरूनच वाढवली गेली आहे.

कुंडीतला मनी प्लांट म्हणजे या वेलीची केवळ बालावस्था असते. या अवस्थेत पाने हृदयाकृती, मेणचट, सहसा वीतभराहून लहान आणि हिरव्यावर पिवळसर फटकारे असलेली असतात. मोकळ्या जागी मोठ्या झाडाचा आधार मिळाला की पेरांवरची हवाई मुळे खोडाला घट्ट धरतात, वेल वीस मीटरपर्यंत चढते आणि तिचे रूप पालटते. पाने मीटरभर लांब होऊ शकतात आणि त्यांच्या कडा खोलवर चिरल्या जातात. मुंबई-पुण्याच्या जुन्या बागांमध्ये आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये माडाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर अशी सुपाएवढी पाने दिसतात. ती मनी प्लांटचीच आहेत हे अनेकांना पटत नाही. चढती वेल पाने मोठी करते आणि लोंबती वेल पाने लहान करते. त्यामुळे मोठी पाने हवी असतील तर खताची मात्रा वाढवण्यापेक्षा कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी आणि ती ओलसर ठेवावी.

निगेचे सगळे नियम या वर्षावनातल्या जीवनक्रमातून येतात. झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या वेलीला भरपूर पण गाळीव उजेड हवा असतो. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन चालते, पण दुपारच्या उन्हात पाने करपतात. अंधाऱ्या खोलीतही ती महिनोन्महिने तग धरते, म्हणून तिला उजेड लागतच नाही असा समज झाला आहे. तग धरणे म्हणजे वाढणे नव्हे. कमी उजेडात पेरांमधले अंतर वाढते, पाने लहान होतात आणि पिवळे-पांढरे फटकारे पुसट होत जातात, कारण फिकट भागात हरितद्रव्य फार कमी असते. साधारण 18 ते 30 अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. 10 अंशांखाली पाने काळवंडतात.

मनी प्लांट मरतो तो बहुतेक वेळा अति पाण्याने. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, त्यात बुरशीसदृश रोगजंतू वाढतात आणि मूळकूज सुरू होते. बोटाचे पहिले पेर आत जाईल इतकी माती कोरडी लागली की मगच पाणी द्यावे, आणि दिले की तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावे. ठरलेल्या वारी पाणी घालण्याची सवय इथे घातक ठरते. मे महिन्यात नागपूरला जी कुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी होते, तीच जुलैमध्ये रत्नागिरीला आठवडाभर ओली राहू शकते. पाने मलूल होणे हे लक्षण दोन्हीकडून येते आणि तिथेच फसगत होते. माती कोरडी असेल तर रोप तहानलेले आहे, पाणी मिळताच ते काही तासांत ताठ होते. माती ओली असूनही पाने मलूल आणि पिवळी असतील तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे रोप मारणेच. कुंडीतून काढून काळी, मऊ मुळे कापावीत आणि वरच्या निरोगी कांड्या लगेच वेगळ्या लावाव्यात.

माती भुसभुशीत हवी. बागेतली माती, कोकोपीट आणि जुने शेणखत किंवा गांडूळ खत समभाग घेऊन त्यात थोडी जाड वाळू मिसळली तर काम भागते. नुसती काळी माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. वाढीच्या हंगामात महिन्याकाठी मूठभर गांडूळ खत पुरते. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा दिसतो. ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेलाची फवारणी केल्यास सहसा आटोक्यात येतो.

नवे रोप करताना कांडीवर किमान एक पेर असायलाच हवे. नुसत्या पानाला पाण्यात क्वचित मुळे फुटली तरी त्यातून वेल होत नाही, कारण नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो. पेराच्या खाली कापलेली कांडी पाण्यात ठेवली की दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसू लागतात. ती बोटभर झाली की मातीत लावावी.

बाटलीतल्या मनी प्लांटबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मुंबई-पुण्याच्या महापालिकांचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी पाहणी करतात तेव्हा मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात त्या यासाठीच. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलावे आणि बाटली आतून घासावी. एडिसची अंडी काचेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. हे नियमाने जमणार नसेल तर वेल मातीतच लावावी.

रोपवाटिकांत पिवळ्या फटकाऱ्यांची ‘गोल्डन’, पांढऱ्या शिंतोड्यांची ‘मार्बल क्वीन’, एकरंगी पोपटी ‘निऑन’ आणि गडद हिरवी ‘जेड’ या जाती सर्रास मिळतात. पान जितके पांढरे, तितकी वाढ सावकाश आणि उजेडाची गरज जास्त. अशा वेलीवर मधूनच पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती छाटावी, नाहीतर जोमाने वाढून तीच बाकीच्यांना मागे टाकते. हृदयाकृती पानांचा फिलोडेंड्रॉनही कधीकधी मनी प्लांट म्हणून विकला जातो. त्याचे नवे पान पातळ वेष्टणातून बाहेर येते आणि ते वेष्टण पुढे वाळून गळते. मनी प्लांटचे पान आधीच्या पानाच्या देठालगत सुरळी उलगडत येते.

अळूच्या पानाने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मनी प्लांटच्या सर्व भागांत असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. रांगती मुले, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर लोंबत्या फांद्या त्यांच्या तोंडाशी येणार नाहीत इतक्या वर ठेवाव्यात.

घरातली हवा शुद्ध करणारे रोप ही मनी प्लांटची जाहिरात नासाच्या 1989 च्या प्रयोगांवर उभी आहे. ते प्रयोग बंदिस्त, लहान पेट्यांमध्ये झाले होते. घरात हवा सतत आत-बाहेर होत असते. 2019 मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा इमारतीतल्या वायुवीजनाइतके काम रोपांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील असे दिसले. खिडकी उघडणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. वेल आग्नेयेला ठेवावी, ती चोरून आणली तरच पैसा येतो, हे समज घरोघरी ऐकू येतात. यातल्या चोरीच्या समजाला निदान एवढा आधार आहे की शेजारच्या कुंडीतली वीतभर कांडी सहज जगते.

हीच चिवट वाढ घराबाहेर संकट ठरते. श्रीलंका, हवाई बेटे आणि फ्लोरिडा इथे मनी प्लांट जंगलात शिरला आहे. तो जमीन झाकतो, झाडांवर चढतो आणि स्थानिक रोपांना उजेड मिळू देत नाही. आपल्याकडच्या दमट हवेतही त्याला हे अवघड नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी, टेकडीवर किंवा जंगलाच्या कडेला टाकू नयेत. कंपोस्टच्या ढिगातही हिरवी पेरे पुन्हा फुटतात. आधी तुकडे करून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच खतात घालावेत.