बगदादच्या तळघरातली तोरा आणि तिचे फोटो : थोडी पार्श्वभूमी

इराकी ज्यूंवर कुठेही काही छापून आलं की बहुतेक वेळा सोबत तसाच एखादा फोटो असतो. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा: काळपट पडलेलं चर्मपत्र, कडा आक्रसलेल्या, वर हिब्रू अक्षरं. ते आलं कुठून आणि त्याचे एवढे फोटो का काढले गेले, त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

बगदादमध्ये ज्यू काल-परवा आलेले नव्हते, बॅबिलोनच्या काळापासून म्हणजे अडीच हजार वर्षं ते त्या भागात होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर शहरात दर चार माणसांमागे एकतरी ज्यू असायचा. डेव्हिड ससून तिथलेच, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, पुण्याचं लाल देऊळ (सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्यांनीच बांधायला घेतलं, १८६७ मध्ये पुरं झालं. बगदादी पद्धतीत तोराची गुंडाळी कापडी खोळीत नाही तर 'तीक' नावाच्या उभ्या लाकडी डब्यात असते, बरेचदा वरून चांदीचा पत्रा, दारासारखा उघडायचा आणि गुंडाळी बाहेर न काढता उभ्या-उभ्याच वाचायची.

मग १९४१ चा जून, फरहूद. दोन दिवसांच्या दंगलीत दीडशेच्या वर ज्यू मारले गेले. १९५० मध्ये कायदा आला, देश सोडायचा तर नागरिकत्व सोडा, पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची मालमत्ताही गोठवली. वर्ष-दीड वर्षात सव्वा लाखाच्या आसपास लोक गाशा गुंडाळून इस्रायलला गेले, हातात एखादी बॅग आणि थोडे पैसे, चांदीसोनं न्यायची सोय नाही. देवळातलं बरंच सामान मागे राहिलं ते असं. उरलेल्यांपैकी नऊ जणांना १९६९ च्या जानेवारीत हेरगिरीच्या आरोपाखाली भर चौकात फाशी दिली, त्यानंतर होते नव्हते तेही निघाले.

शेवटी बताविन भागातल्या सिनेगॉगमध्ये, बायकांच्या सज्जात, समाजाचं सगळं जुनं सामान साठवलेलं होतं. १९८४ मध्ये सद्दामच्या माणसांनी ते ट्रकमध्ये भरून नेलं. मे २००३ मध्ये अमेरिकन सैनिक शस्त्रं शोधत गुप्तचर खात्याच्या तळघरात उतरले तर तिथे गुडघ्याच्या वर पाणी आणि त्यात ही पुस्तकं. २७०० च्या वर पुस्तकं आणि हजारो कागद. आधी अंगणात उन्हात वाळत घातले (गुंडाळ्या अंगणभर पसरलेल्या, तेही फोटो आहेत), बुरशी धरायला लागली तेव्हा फ्रीझर ट्रकमध्ये टाकले आणि तसेच गोठलेले अमेरिकेला नेले. टेक्ससमध्ये गोठवलेल्या अवस्थेतच पाणी काढलं, मग वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय अभिलेखागारात बुरशी साफ करून पान-न-पान कॅमेऱ्याखाली. फोटो काढले ते यासाठी, सामान इराकला परत द्यायचा करार होता आणि त्याआधी ते सगळ्यांना पाहायला मिळावं म्हणून.

२०१३ मध्ये प्रदर्शन भरलं. १५६८ चं बायबल, एक तीक, तोराचे तुकडे, सगळे फोटोग्राफर साहजिकच तिकडेच वळले. मला विचाराल तर त्या समाजाचा खरा चेहरा शाळेच्या कागदांमध्ये आहे, मुलांचे मार्क आणि कोपऱ्यात चिकटवलेला पासपोर्ट साइज फोटो, केस चापून बसवलेले. पण तो कुणी कव्हरवर घेत नाही, तोरा कशी बघताक्षणी 'पवित्र' दिसते आणि कॅप्शनमध्ये 'लुप्त समाज' लिहिलं की काम झालं. लुप्त बगदादमधून झालाय, त्यांची नातवंडं इस्रायल, लंडन, न्यूयॉर्कमध्ये आहेत.

आणि तोरा नुसती बघायची वस्तू नाहीच, खराब झाली की ज्यू रिवाजाप्रमाणे तिला माणसासारखं पुरतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्त न होणारे ४९ तुकडे न्यूयॉर्कजवळच्या कब्रस्तानात पुरले, इराकचे राजदूतही हजर होते. त्या तुकड्यांपुरता वाद मिटला.

बाकीच्यांचा नाही. इराक म्हणतं हा आमच्या देशाचा वारसा, करार आहे, परत करा. इराकी ज्यू म्हणतात आमच्या सिनेगॉगमधून उचलून नेलेलं आमचं सामान परत त्याच सरकारला कसं काय, आणि बगदादमध्ये आता ते वाचणारं कोण राहिलंय? परत पाठवायची मुदत आधी २०१४ होती, ती २०१८ पर्यंत पुढे गेली, तेव्हाही अमेरिकन सिनेटर आडवे आले. स्कॅन मात्र ऑनलाइन आहेत, कुणालाही बघता येतात, बगदादमध्ये बसूनसुद्धा.