मेण तोललं की धातूचा हिशोब लागतो

दागिन्यांच्या कास्टिंग कारखान्यात, म्हणजे धातू साच्यात ओतून दागिने घडवतात तिथे, धातू वितळवायची मूस तापायला ठेवण्याआधी मेण तोललं जातं. रबरी साच्यातून काढलेल्या मेणाच्या वीस-पंचवीस अंगठ्या एका जाडसर मेणकांडीला फांद्यांसारख्या चिकटवलेल्या असतात. हे मेणाचं झाड काट्यावर ठेवायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि त्याला गुणायचं. कांस्य ओतायचं असेल तर साधारण नऊनं, चांदी असेल तर अकरानं, शुद्ध सोनं असेल तर विसानं. येईल तेवढा धातू आणि वर थोडा जास्तीचा मुशीत जातो.

हिशोब सोपा आहे. झाडाभोवती प्लास्टरसारखं मिश्रण ओततात. ते घट्ट झालं की भट्टीत तापवतात, तेव्हा मेण वितळून, जळून निघून जातं आणि आत अंगठ्यांच्या आकाराची पोकळी उरते. मेणानं जेवढी जागा व्यापली होती तेवढीच आता धातू व्यापणार. मधमाशीच्या मेणाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९६ ग्रॅम, कांस्याची सुमारे ८.८. भागाकार केला की नऊ.

मला या पद्धतीतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. मूर्तीला दहा हात असोत, प्रभावळीत शंभर पानं असोत, तिचं आकारमान काढायला भूमिती लागत नाही, तराजू पुरतो. आणि हे ज्ञान आपल्याकडे लिहूनही ठेवलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही प्रसिद्ध नोंद त्यातलीच. त्याच ग्रंथात मूर्ती ओतण्याचा विधी आहे. मेणाची मूर्ती आधी तोलावी, मग तांबं किंवा पितळ तिच्या आठपट घ्यावं, चांदी बारापट, सोनं सोळापट. आजच्या घनतांशी हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण चढता क्रम अचूक आहे. शिवाय मेणात राळ मिसळली की ते जड होतं आणि पट कमी भरते. सोन्यात तांबं मिसळलं तरी तेच होतं.

हाच हिशोब उलटा करून पाहू. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार भरीव मूर्ती सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या, आणि मेणाच्या पद्धतीनं ओतलेल्या, असं बहुतेक जण मानतात. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. तांब्याच्या हिशेबानं या चार आकृत्या घडवायला साडेसहा किलोंच्या आसपास मेण लागलं असणार. म्हणजे ओतणाऱ्याच्या आधी कुणीतरी रानात पोळी उतरवत हिंडत होतं. मुंबईच्या संग्रहालयात हा गेंडा पाहताना मला ती माणसंही दिसतात.

मेणाइतकीच महत्त्वाची माती. ‘मानसोल्लास’ सांगतो की मेणाच्या मूर्तीवर द्यायच्या पहिल्या लेपाच्या मातीत तुसाची राख, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालून ती दगडावर गुळगुळीत वाटावी आणि लेप सावलीत वाळवावा. का, ते आज सांगता येतं. मातीचा कण जितका बारीक, तितकी मेणावरची केसाएवढी रेघही साच्यात उतरते. कापसाचे धागे ओली माती तडकू देत नाहीत आणि भट्टीत जळाले की मागे सूक्ष्म वाटा ठेवतात. धातू आत शिरताना हवेला बाहेर पडायला त्या वाटा हव्यात. उन्हात वाळवलं तर माती असमान आकसते, मेणही मऊ पडतं. साच्यात ओल राहिली तर मात्र धोका मोठा, कारण हजार अंशांचा धातू पाण्याला भिडला की क्षणात वाफ होते आणि साचा फुटतो.

शुद्ध तांबं ओतणं कठीण. ते १०८५ अंश सेल्सियसला वितळतं आणि वितळल्यावर वायू शोषून घेतं. थिजताना तेच वायू बुडबुडे होऊन अडकतात. दहा टक्के कथील मिसळलं की मिश्रण हजार अंशांच्या आसपासच पूर्ण वितळतं आणि अरुंद वाटांतून अधिक सहज वाहतं. म्हणून कांस्य. धार मात्र एकसंध हवी. मध्ये खंड पडला तर आधीचा धातू थिजू लागतो, नंतरचा त्याच्याशी नीट जुळत नाही, आणि मूर्तीच्या अंगावर शिवण उमटते.

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या काही घडवा, म्हणजे पितळी मूर्ती ओतणाऱ्या, कारागिरांनी धारेचा हा प्रश्नच काढून टाकला आहे. आत मातीचा गाभा, त्यावर शेवयांसारखे मेणाचे धागे, वर पुन्हा माती. साच्याच्या तोंडाशी पितळेच्या तुकड्यांची वाटी मातीनं बंद करून जोडतात आणि सगळं एकत्रच भट्टीत घालतात. धातू वितळला की साचा उलटा करायचा; धातू आपल्या वजनानं पोकळीत उतरतो. मूर्ती पोकळ असल्यानं मेण थोडं लागतं, धातूही थोडा. धातूचा थर पातळ आणि सारखा असल्यानं तो थिजताना एखाद्या जागी खड्डा पडत नाही.

तराजू शेवटी पुन्हा उपयोगी पडतो. साचा फोडून, झाडाच्या कांडीला जोडणाऱ्या धातूच्या जोडकांड्या कापून, दागिना घासूनपुसून झाला की तो तोलायचा. त्याच्या एकट्याच्या मूळ मेणाच्या वजनावरून जेवढा भरायला हवा त्यापेक्षा बराच हलका निघाला, तर वरून कितीही गुळगुळीत दिसो, आत कुठेतरी बुडबुडा अडकलेला असतो.