शोषचर तुंबणे : घरगुती निदान

शोषचर तुंबणे : मैलाटाकीतून (सेप्टिक टँकमधून) बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खोदलेल्या, खडी भरलेल्या चरांतील सच्छिद्र पाइप किंवा त्यांभोवतीची माती पाणी घेईनाशी होणे. संडासचे पाणी सावकाश उतरते, न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते, टाकीपलीकडची जमीन ओलसर राहते आणि तेवढ्याच पट्ट्यात गवत गर्द हिरवे होते. यांपैकी पहिली दोन लक्षणे घराजवळची नळी चोकअप झाल्यावरही दिसतात. म्हणून अडथळा टाकीच्या अलीकडे, टाकीत, पलीकडच्या पाइपात की मातीत, हे ठरवणे हाच निदानाचा गाभा होय.

मैलाटाकीचे जनकत्व वादग्रस्त आहे. फ्रान्समधील व्हेझूल येथे झाँ-लुई मुरास यांनी १८६० च्या सुमारास अशी टाकी बांधली असे मानतात; तिची माहिती १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘सेप्टिक टँक’ हे नाव मात्र इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमरन यांनी १८९५ च्या सुमारास उभारलेल्या टाकीमुळे रूढ झाले. त्यांच्या पेटंटावरून पुढे अमेरिकेत कज्जेही झाले. जमिनीखालच्या उघड्या सांध्यांच्या नळ्यांतून पाणी मुरवण्याचा प्रघात या टाक्यांहून वेगळा आहे. त्याचे श्रेय सामान्यतः मैल्यावर कोरडी माती टाकण्याच्या संडासासाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज धर्मोपदेशक हेन्री मूल यांना दिले जाते. अमेरिकेत सांडपाणी-अभियंते जॉर्ज वेअरिंग यांनी १८७० च्या दशकात, मॅसॅच्युसेट्समधील लेनक्ससह काही ठिकाणी, तो राबवला. पाणी सतत न झिरपता ठरावीक वेळाने एकदम सुटावे, अशी योजना त्यात होती. शोषचराचे मूळ मुरास यांच्या टाकीपेक्षा या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण चराला मधूनमधून विश्रांती हवी हे तत्त्व तिच्यातच प्रथम स्पष्ट दिसते.

माती पाणी का घेईनाशी होते, यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे टाकीतून निसटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात. दुसऱ्या मताप्रमाणे जीवाणूंचा बुळबुळीत थर हे मुख्य कारण. अमेरिकेतील बर्कली येथे मॅकगॉही व विनबर्गर या संशोधकांनी १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासानंतर सतत पाण्याखाली राहिल्याने होणारा प्राणवायूचा अभाव निर्णायक मानला जाऊ लागला. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात या थराचा आणखी बारकाईने अभ्यास झाला. कण व जीवाणूंचा थर ही दोन्ही कारणे एकत्र काम करतात, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. अशा चराची कड कुदळीने उघडली, तर खडी आणि माती यांच्या सीमेवर बोटाला चिकटणारा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा पातळ थर दिसतो. काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा असतो. हवा लागली की तो करडा-तपकिरी होत जातो. चर काही महिने कोरडा ठेवला, तर मातीची शोषणक्षमता बऱ्याच अंशी परत येते.

तपासणी घरापासून सुरू करावी. एकच भांडे तुंबले असेल, तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या नळीत). सगळीच तुंबली असतील, तर घर व टाकी यांमधले चेंबर उघडावे. ते कोरडे असल्यास अडथळा घराकडे आहे. चेंबर भरलेले असल्यास टाकीतील पातळी पाहावी. झाकण उघडताना वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवावी, काडी पेटवू नये, आत वाकू नये आणि कुणालाही उतरवू नये : टाकीतील वायूने माणूस क्षणात कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागू होतो.

पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी असणे ही स्वाभाविक स्थिती होय. पातळी तेवढीच असून घराकडे पाणी तुंबत असेल, तर आत येणारा टी-पाइप (T आकाराचा जोड) टाकीत वर तरंगणाऱ्या मैल्याच्या सायीने बुजला असण्याची शक्यता जास्त. पातळी त्याहून वर असेल, तर वाटप-पेटी (टाकीचे पाणी चरांत वाटून देणारी पेटी) उघडावी. पेटी कोरडी असल्यास मधला पाइप मुळांनी भरला आहे किंवा गाडीच्या वजनाने दबला आहे. तिथे सळई किंवा पाण्याचा दाब उपयोगी पडतो. पेटी भरलेली असल्यास दोष चरात. सर्वांत बोलकी खूण उपशाच्या वेळी मिळते. सक्शन गाडीने पातळी खाली नेल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटे टाकीत येऊ लागले, तर चर भरलेला आहे. अशा वेळी नुसता उपसा काही दिवसांचाच दिलासा देतो. गळका फ्लश हे चर भरण्याचे सहज निसटणारे कारण. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घालून, फ्लश न ओढता तो रंग भांड्यात उतरतो का, हे आधीच पाहावे. पाइप मोकळा करण्यासाठी ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नये, त्याने टाकीतले जीवाणू मरतात.

भारतीय मानक २४७० नुसार २५ मिमी पाणी मुरायला ६० मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर जमीन शोषचराला अयोग्य ठरते. पाणी लवकर मुरणाऱ्या कोकण-गोव्यातील जांभ्यात चर व विहीर यांत ठेवावयाचे १८ मीटर अंतर अधिक काटेकोरपणे पाळायला हवे. काळी माती ओली झाली की फुगते, म्हणून पावसाळ्यातील तुंबण्यावरून निष्कर्ष न काढता उघडीप झाल्यावर पुन्हा पाहावे. महाराष्ट्रात चराऐवजी शोषखड्डाच अधिक आढळतो. तेथे वाटप-पेटी नसल्याने खड्ड्याचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी लागते. अनेक शहरी घरांत शोषखड्डाही नसतो आणि टाकीचे पाणी थेट गटारात जाते. तेथे तपास गटाराच्या तोंडापासून सुरू होतो.